पुनरुत्थानाची कथा आणि तेरचा कुंभार

ख्रिस्ती धर्मांतील बहुतेक गोष्टींविषयीं पंडितांस तडजोड करितां येईल. रिकाम्या कबरेविषयीं ती करितां येत नाहीं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत पौलानें हा पेंच स्वतःच घट्ट करून ठेविला आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला उपदेशहि पोकळ आणि श्रोत्यांची श्रद्धाहि पोकळ, असा त्याचा सरळ व्यवहार. इतक्या उघडपणें आपलें सर्वस्व एका घटनेवर लावणारा दुसरा धर्मोपदेशक प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत नाहीं. असें असतां, जी भाषा गेलीं चारशें वर्षें ख्रिस्ताची कथा सांगत आली आहे, त्या आपल्या मराठींत या घटनेचें काय झालें, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसा विचारलेला दिसत नाहीं. फादर स्टीफन्सच्या मराठीच्या गोडव्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें; रेव्हरंड टिळकांच्या फुलांमुलांविषयींहि लिहिलें गेलें. परंतु ज्या एका प्रसंगासाठीं त्यांनीं लेखणी धरिली, तो प्रसंग मराठींत रुजला कीं नाहीं, हें पाहावयाचें राहिलें.

एकोणिसाव्या शतकांतील वादविवादांनीं ह्या प्रश्नाची दिशाच चुकविली असें मला वाटतें. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं वाद घालीत होते. अशा वादांत मेलेला माणूस उठतो कीं नाहीं, साक्षीदार किती व त्यांच्या जबानींत विसंगति किती, असलीच चर्चा होणार. कोर्टांत ती शोभते. पण आमच्या सामान्य मराठी माणसाची अडचण ही नव्हतीच. मेलेला माणूस उठला हें ऐकून तो कधीं दचकलाच नाहीं. त्याच्या घरांतली सून दर ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळते, तें एका स्त्रीनें यमाकडून नवरा परत आणला म्हणून. ज्ञानेश्वरी ज्याच्या हातानें उतरली असें आपण मानतों, तो नेवाशाचा सच्चिदानंदबाबा आख्यायिकेप्रमाणें मेलेलाच होता. सती निघालेल्या त्याच्या स्त्रीस ज्ञानदेवांनीं सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि तो खरा करण्यासाठीं प्रेत उठविलें. म्हणजे मराठीच्या आद्य महाग्रंथाचा लेखनिकच परलोकाहून परतलेला! महानुभावांच्या श्रद्धेप्रमाणें श्रीचक्रधर शिरच्छेदानंतरहि उत्तरापंथास चालते झाले. अशा श्रोत्यापुढें जेरुसलेमची कथा सांगितली तर तो अविश्वास दाखवीत नाहीं. तो मान डोलावतो. आणि सांगणाऱ्याची खरी पंचाईत ही मान डोलावणेंच होय. जी घटना एकदांच घडली म्हणून सांगावयाची, ती ऐकणाऱ्याच्या गांवांतहि घडलेली असते.

धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. हा जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. २०२३ पासून जुनें नांव अधिकृतपणें परत आलें. तेर म्हणजे गोरोबाकाकांचें गांव. येथेंच त्यांची समाधि आहे. इतिहासज्ञ मात्र तेरकडे वेगळ्याच कारणासाठीं जातात. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या टिपणांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर जें तगर सांगितलें आहे, तें हेंच तेर, असें फ्लीटनें १९०१ सालीं दाखविलें. तगरचें कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई. हें टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचें, आणि पौलाचें वरील पत्रहि साधारण ५५ च्या सुमाराचें. एकीकडे करिंथ येथें देहाच्या उठण्याविषयीं वाद चालला असतां, दुसरीकडे त्याच सागरी व्यापाराच्या पलीकडच्या टोकास तेरचे विणकर कापड विणीत होते. यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं, आणि सिद्ध करण्याची हौस ज्यांस आहे त्यांनीं ती खुशाल करावी. मला तेर हवें आहे तें गोरोबांच्या कथेसाठीं.

ही कथा महिपतीनें १७६२ सालीं पूर्ण केलेल्या भक्तविजयांत आहे आणि कीर्तनांतून ती घरोघर गेली आहे. बायको पाण्यास जाते, रांगतें मूल अंगणांत सोडते. गोरोबा विठ्ठलाच्या नामांत तल्लीन होऊन माती तुडवितात आणि मूल पायांखालीं येतें. माती लाल होते तरी त्यांस भान नाहीं. परत आलेली आई आक्रोश करते, दोघांत तंटा होतो, आणि ‘माझ्या अंगाला हात लावाल तर विठोबाची शपथ’ असें ती म्हणून बसते. गोरोबा शपथ पाळतात. वंश बुडेल या भीतीनें धाकट्या बहिणीशीं त्यांचें लग्न लागतें, तेव्हां सासऱ्याच्या ‘दोघींस सारखेंच वागवा’ या शब्दावरून ते तिलाहि स्पर्श करीत नाहींत. एके रात्रीं दोघी निजलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर घेतात. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून गोरोबा आपले हातच तोडून टाकितात. पुढें आषाढीस पंढरपुरीं नामदेवांच्या कीर्तनांत सर्वांनीं टाळी वाजविण्यासाठीं हात वर केले, गोरोबांनीं थोटे वर केले, आणि त्यांस हात फुटले. मग मूल आईकडे रांगत आलें.

आतां ही कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाशेजारीं ठेवून पाहावी. तेथेंहि सारा भर हातांवरच आहे. उठलेला येशू शिष्यांस प्रथम आपले हात दाखवितो. त्या वेळीं गैरहजर असलेला थोमा म्हणतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याखेरीज मी मानणार नाहीं. आठ दिवसांनीं येशू पुन्हां येतो आणि बोट घाल म्हणतो. (थोमानें तें घातलें असें योहान कोठेंहि सांगत नाहीं. तें घातलें चित्रकारांनीं. करावाज्जोनें सतराव्या शतकाच्या आरंभीं काढलेल्या चित्रांत तें जखमेंत चांगलें पेरभर गेलेलें आहे. हाच थोमा पुढें हिंदुस्थानांत आला आणि मैलापुरास मारला गेला, अशी परंपरा आहे.) दोन्ही कथांत हात गेलेले आहेत आणि परत आलेले आहेत. पण तेरच्या कथेंत ते नितळ परत येतात, आणि जेरुसलेमच्या कथेंत व्रणांसकट. माझ्या मतें ह्या दोन श्रद्धांमधील अंतर कोणत्याहि तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापेक्षां या एका तपशिलांत अधिक स्वच्छ दिसतें.

तेरच्या कथेचें सामर्थ्य पूर्ण भरपाईंत आहे. हात गेले, हात आले. मूल गेलें, मूल आलें. शपथ मोडली, क्षमा झाली. देवाच्या खतावणींत एक पैहि येणें राहत नाहीं. कीर्तनाचा श्रोता रात्रीं दोन वाजतां घरीं परततो तो हलक्या मनानें, आणि तो तसा परतावा हीच कथाकाराची इच्छा. याच्या उलट व्रणांची कथा हिशेब पुरता करीतच नाहीं. मरण हरलें म्हणतात खरें, पण त्यानें केलेली जखम मिटत नाहीं. स्वर्गांत जातांनाहि ती अंगावर असते. घडलेलें अनघडलें होत नाहीं. कलेच्या दृष्टीनें दुसरा प्रकार अधिक धीट आहे असें माझें मत आहे, आणि मी ख्रिस्ती नाहीं म्हणून तें सांगण्यास मला संकोच वाटण्याचें कारण नाहीं. मात्र पहिल्या प्रकारांत जी करुणा आहे ती दुसऱ्यांत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. येशूच्या आईस मुलगा परत मिळाला तो चाळीस दिवस, आणि त्या चाळीस दिवसांच्या कथेंत चारहि शुभवर्तमानकारांनीं मायलेकरांची भेट सांगितलेली नाहीं. महिपतीच्या हातून ही चूक झाली नसती.

येथें एका गोंधळाचा निरास करणें जरूर आहे. तेरच्या मुलाची तुलना काटेकोरपणें करावयाची तर ती येशूशीं नव्हे, लाजराशीं करावी. लाजरास येशूनें कबरेतून हांक मारून बाहेर आणलें. पण तो परतला तो याच जन्मांत, पुन्हां केव्हां तरी मरण्यासाठीं. तेरचें मूलहि तसेंच वाढलें असेल, म्हातारें झालें असेल. हें पुनरुज्जीवन झालें. पौल ज्याविषयीं बोलतो तें पुनरुत्थान ह्याहून भिन्न आहे: मरणाच्या पलीकडे निघून जाणें, आणि तरीहि देह न सोडणें. आणि हीच गोष्ट आमच्या कानास परकी वाटते. देह हा आमच्या परंपरेंत सुटकेचा विषय आहे, टिकविण्याचा नव्हे. मोक्ष मिळाल्यावरहि देह बरोबर न्यावयाचा, हें एखाद्यास तुरुंगांतून सोडतांना बेडी भेट म्हणून दिल्यासारखें वाटतें. तुकोबा सदेह वैकुंठास गेले ही आमची श्रद्धा आहे खरी, पण ती एका भक्ताच्या असामान्य भाग्याची गोष्ट आहे. तीवरून कोणी वारकऱ्यानें ‘सर्वांचे देह असेच उठतील’ असा सिद्धांत बांधिला नाहीं.

कबरेचें तसेंच. आळंदीस जाणारा माणूस समाधि भरलेली आहे म्हणून जातो. १२९६ सालीं ज्ञानदेव आंत बसले ते अजून बसलेलेच आहेत. अजानवृक्षाची मुळी गळ्यास लागली म्हणून एकनाथांस त्यांनीं स्वप्नांत बोलाविलें, ही कथा त्या भरलेपणाचीच ग्वाही होय. जेरुसलेमला जाणारा यात्रेकरू मात्र कबर रिकामी आहे म्हणून जातो. एका ठिकाणीं ‘तो येथें आहे’ हें शुभवर्तमान, दुसऱ्या ठिकाणीं ‘तो येथें नाहीं’ हें. मराठी ख्रिस्ती कवीस ह्या दोन वाक्यांच्या मधली जागा शोधावयाची होती.

ती प्रथम शोधावयास निघाला तो एक इंग्रज. थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला, आयुष्याचीं पुढचीं चाळीस वर्षें त्यानें प्रायः साष्टींत घालविलीं, आणि त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें. पण त्या तिन्ही आवृत्तींची एकहि प्रत हाताशीं नाहीं. १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळूरास रोमन लिपींत, आणि १९५६ सालीं बंडेलू यांनीं देवनागरींत तें काढिलें म्हणून आज आपण तें वाचूं शकतों. लंडनला मार्सडेनच्या संग्रहांत त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. तिच्याकडे लक्ष वेधणारे जस्टिन अॅबट हे अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे. ह्याच अॅबटांनीं नरहर गोडबोले यांच्या साहाय्यानें भक्तविजयाचें इंग्रजी भाषांतर केलें, तें त्यांच्या निधनानंतर १९३३ च्या सुमारास प्रसिद्ध झालें. म्हणजे रिकाम्या कबरेची मराठी कथा आणि तेरच्या मुलाची कथा, दोन्ही एकाच माणसाच्या मेजावर आल्या होत्या. त्याचा उपयोग मात्र पुढच्या कोणा अभ्यासकानें केला नाहीं.

स्टीफन्सनें सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुराण म्हणून रचिला, हें त्याचें यश आणि हीच त्याची अडचण. पुराण हा नुसता सांचा नव्हे, ती एक अपेक्षा आहे. पुराण ऐकणाऱ्यास शेवट ठाऊक असतो: अवतारकार्य संपलें, देव निजधामास गेला. एकनाथांचें भागवत १५७३ सालीं पूर्ण झालें. त्याच्या अखेरीस श्रीकृष्णाच्या पायांत व्याधाचा बाण लागतो, तो व्याधास क्षमा करितो आणि स्वधामास जातो. घायाळ झालेला, मारणाऱ्यास क्षमा करणारा देव मराठी श्रोत्यास नवा नव्हता. त्यांतच स्टीफन्सनें स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. शब्द सुंदर आहे, कानास गोड आहे, आणि तितकाच घातकी आहे. वैकुंठांतून आलेला वैकुंठांत परत गेला तर आश्चर्य कसलें? मरण हें मग वेषांतर ठरतें. देवानें मरणाचें सोंग आणिलें व तें उतरून ठेविलें, असा अर्थ शब्दाच्या पाठीमागून आंत शिरतो. स्टीफन्ससारख्या जेजुइटास हा अर्थ अर्थातच मान्य नव्हता. पण कवीच्या मनांत काय होतें यापेक्षां शब्दानें काय केलें हें टीकाकारानें पाहावयाचें असतें. ज्या गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलें, जुनीं पुराणें वाचण्याची बंदी, तेथें नव्या ख्रिस्ती झालेल्यांस त्यांचीच ओवी परत देणारा हा माणूस मला मोठा वाटतो. परंतु त्याची ओवी जितकी मराठी होत गेली तितकी कबर भरत गेली, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

पुढच्या भाषांतरकारांनीं उलट टोक धरिलें. ‘पुनरुत्थान’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि म्हणूनच बहुधा निर्जीव आहे. पुनर्जन्माशीं घोटाळा होऊं नये ही त्यामागची काळजी समजते. पण आज तो शब्द राष्ट्राच्या, भाषेच्या, सहकारी कारखान्याच्या पुनरुत्थानासाठीं वापरला जातो. मनुष्य उठून बसल्याचें चित्र त्यांतून उभें राहत नाहीं. वास्तविक ‘उत्थान’ हा शब्द आमच्या घरांत पूर्वींपासून होता. कार्तिकी एकादशी ही उत्थानी एकादशीच. आषाढींत निजलेला देव कार्तिकांत उठतो आणि पंढरी त्यास जागें करावयास जाते. पौलहि मेलेल्यांस निजलेले म्हणतो. या दोन निद्रांची सांगड एखाद्या ख्रिस्ती मराठी कवीनें घालावयास हवी होती. पंडिता रमाबाईंनीं सोप्या मराठींत बायबल उतरविण्यांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचिलीं. वेदान्ताचा वास येणाऱ्या शब्दांविषयीं त्या फार सावध होत्या. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, केडगांवच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून तें पूर्ण बायबल बाहेर पडलें. त्यांची सावधगिरी प्रामाणिक होती. परंतु शब्दास लागलेला वास पुसतां पुसतां कधीं कधीं शब्दाची चवहि जाते.

देहाच्या प्रश्नानें व्यवहारांतहि अडचण केलीच. कॅथलिक चर्चनें १८८६ सालीं प्रेतदहनास बंदी केली आणि ती १९६३ सालीं शिथिल केली. मधल्या काळांत बाप्तिस्मा घेणाऱ्या मराठी माणसास नव्या धर्माबरोबर मातींत जाणेंहि स्वीकारावें लागे. पिढ्यान्‌पिढ्या अग्नीस दिलेल्या घराण्यांत ही लहान गोष्ट नव्हे.

आणि येथें टिळकांकडे वळावें लागतें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत, आणि त्यांची उत्तम कविता या पुलावरच उभी आहे. त्यांचा ख्रिस्त हा माउली आहे, सद्‌गुरु आहे, सदैव जवळ आहे. इतका जवळ आहे कीं तो मधें मेला होता याची आठवण क्वचितच होते. त्यांच्या भजनांतील ख्रिस्त कबरेतून आलेला वाटत नाहीं. तो विटेवरून उतरून आलेला वाटतो. ही निंदा नव्हे. परंतु महाकाव्यास तेवढ्यानें भागत नाहीं. १९०९ सालीं त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें, सुमारें दहाअकरा अध्याय लिहिले, आणि १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. कथा अजून क्रूसाच्या आसपासहि पोंचली नव्हती. पुढचा बहुतेक भार लक्ष्मीबाईंनीं उचलिला, आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ सालीं काव्य प्रसिद्ध झालें.

कोणत्याहि शाळेंत न गेलेली, नवऱ्यानें अक्षरओळख करून दिलेली ही बाई, नवरा गेल्यावर, त्यानें अर्धवट टाकिलेली मेलेल्याच्या उठण्याची कथा पुरी करावयास बसते. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ समपातळीचें नाहीं. ओवी कित्येक ठिकाणीं नुसती चालत राहते. त्याचा कैवार घेण्याचा माझा विचार नाहीं. पण लक्ष्मीबाईंस या कथेविषयीं जें ठाऊक होतें तें स्टीफन्सला नव्हतें आणि टिळकांसहि नव्हतें. तें ‘ख्रिस्तायना’पेक्षां १९३४ पासून निघूं लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’त अधिक उतरलें आहे. १८९५ सालीं ब्राह्मण घरांतील कर्ता पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंतपणीं मेला. नातलगांनीं रडावयाचें तें रडून घेतलें. लक्ष्मीबाई कांहीं काळ पंढरपुरांत, त्याच विठोबाच्या गांवांत, विधवा नव्हे आणि सवाष्ण म्हणावें तर नवरा नाहीं, अशा राहिल्या. पांच वर्षें असें चाललें. मग त्या परत नवऱ्याजवळ गेल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतःहि बाप्तिस्मा घेतला. मेलेला माणूस त्यांस परत मिळाला, पण तो पूर्वींचाच राहिला नव्हता, आणि त्याहि पूर्वींच्या राहिल्या नव्हत्या. ओळख पटविण्यास वेळ लागला. येशू कबरेजवळ उभा असतां मग्दालिया मरीयेनें त्यास प्रथम माळी समजावें, ह्या योहानाच्या तपशिलाचा अर्थ मला ‘स्मृतिचित्रें’ वाचून जितका कळला तितका कोणत्याहि भाष्यानें कळला नाहीं. तुटलेला संसार परत जुळला, पण सांधा दिसत राहिला. आणि लक्ष्मीबाईंनीं तो हसत हसत दाखविला, झांकला नाहीं.

मार्काचें शुभवर्तमान जुन्यांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावरच थांबतें. स्त्रिया रिकामी कबर पाहून पळत सुटतात आणि भीतीमुळें कोणास कांहीं सांगत नाहींत. पुढचीं वचनें मागाहून जोडलीं गेलीं असें विद्वान मानतात. तो शेवट कोणास तरी अपुरा वाटला असावा. महिपतीसहि वाटला असता. तेरच्या अंगणांत घागर घेऊन परतलेली संती लाल माती पाहून उभी राहते, तेथें कोणतेंच कीर्तन थांबत नाहीं. बुवा पुढें पंढरीस निघतात, कारण तेथें मूल रांगत यावयाचें असतें. ‘ख्रिस्तायन’ वाचतांना त्या अंगणापाशीं लक्ष्मीबाई बुवांपेक्षां कांहीं क्षण अधिक थांबतात काय, हें ज्यानें त्यानें काव्य उघडून पाहावें. आरंभापासून वाचण्याचा धीर नसेल त्यानें स्त्रिया सुगंधी द्रव्यें घेऊन पहांटे निघतात तेथपासून वाचावें.